त्या ओढ्यातला खड्डा

यंदाच्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तिसऱ्या दिवशी, संध्याकाळची आरती आटोपून घुमटे भिंतीला टेकवून ठेवल्यावर आणि पाने मांडायला अजून दीडेक तास अवकाश असताना, गोव्यातल्या पेडण्याच्या आमच्या आजोळच्या घरी लहानमोठ्या चौदा माणसांनी एकत्र बसून लॉरेल आणि हार्डी या विनोदी नटांच्या जोडीचा ‘वे आउट वेस्ट’ हा १९३७ सालचा चित्रपट पाहिला. बाहेर पाऊस असा लागला होता की ओसरीवरची माणसेसुद्धा आत सरकून बसली होती. चित्रपट जेमतेम पासष्ट मिनिटांचा असल्यामुळे स्वयंपाकघरातल्या बायकांनाही तो पूर्ण पाहता येईल, असा हिशेब करून मीच तो निवडला होता. हा चित्रपट मी पर्वरीच्या माझ्या घरी एकटीने निदान सहा वेळा पाहिलेला आहे आणि दर वेळी मी त्याला या जोडीच्या चित्रपटांत दुसरा क्रमांक दिलेला आहे. त्या संध्याकाळी तो क्रमांक बदलला. तो का बदलला, हे नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

माझे मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. उमेदीची तीसेक वर्षे त्यांनी जत्रांतल्या नाटकांत विनोदी भूमिका केल्या. देवळासमोरच्या मंडपात मध्यरात्रीनंतर सुरू होणारे आणि पहाटेपर्यंत चालणारे नाटक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक असेल की तिथे विनोदी नटाचे काम सर्वांत अवघड असते, कारण अर्धे प्रेक्षक डुलक्या घेत असतात आणि त्यांना जागे ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. मामांना लॉरेल आणि हार्डी ही नावे कधी जवळची वाटली नाहीत. आपल्याकडच्या असंख्य लोकांप्रमाणे त्यांच्यासाठी हे दोघे ‘जाड्या आणि रड्या’ आहेत. मराठीने दिलेली ही नावे मला मूळ नावांपेक्षाही नेमकी वाटतात. स्टॅन लॉरेलचे ते चेहरा आक्रसून, डोक्यावरचे केस वर ओढत केलेले रडणे एकदा पाहिले की ‘रड्या’ याखेरीज दुसरे नाव सुचतच नाही.

जगभरच्या चाहत्यांमध्ये या जोडीच्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांविषयी मुख्य वाद दोन नावांभोवती फिरतो. एक ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ (१९३३) आणि दुसरा ‘वे आउट वेस्ट’. पहिल्यात दोघे आपापल्या बायकांशी खोटे बोलून एका मंडळाच्या अधिवेशनाला जातात आणि ते खोटे निस्तरताना त्यांची जी त्रेधा उडते, त्यावर सगळे कथानक उभे आहे. त्याचा मान मोठा आहे. या जोडीच्या चाहत्यांची जी संघटना १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली, तिने आपले नावच या चित्रपटावरून घेतले, आणि तिच्या निरनिराळ्या गावांतल्या शाखांना ‘तंबू’ म्हणण्याची प्रथा आजही चालू आहे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००० साली शंभर विनोदी चित्रपटांची यादी केली, तीत ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ ९६व्या स्थानी आहे आणि ‘वे आउट वेस्ट’ मुळीच नाही. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीतही ‘सन्स’चा समावेश झाला. कागदावर पाहिले तर निकाल लागलेला आहे.

आणि तरीही चाहते हट्टाने ‘वे आउट वेस्ट’चे नाव घेतातच. माझा भाचा, जो त्या संध्याकाळी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि ज्याने हे दोन्ही चित्रपट पाहिलेले आहेत, तो ‘सन्स’च्या पक्षाचा. त्याचे म्हणणे असे की ‘वे आउट वेस्ट’ला गोष्टच नाही, एक प्रवास आहे आणि त्यात सुटे सुटे विनोद ओवलेले आहेत. हे म्हणणे खोटे नाही. एका मरण पावलेल्या खाणवाल्याने आपल्या मुलीच्या नावे ठेवलेले सोन्याच्या खाणीचे हक्कपत्र तिच्यापर्यंत पोहोचवायला हे दोघे निघतात. ब्रशवुड गल्च नावाच्या गावात पोहोचतात, दारूच्या गुत्त्याचा मालक त्यांना फसवतो, हक्कपत्र भलत्याच बाईच्या हाती पडते, ते परत मिळवायची धडपड होते आणि शेवटी खऱ्या मुलीला घेऊन ते गाव सोडतात. एवढेच कथानक आहे. मीही आजवर याच कारणाने या चित्रपटाला दुसरा क्रमांक देत आले होते.

पण चित्रपट सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, तोच मामा उठून खुर्ची पुढे ओढून बसले. पडद्यावर रड्या खेचराचा दोर धरून पायी चालला होता आणि त्या खेचरामागे, जमिनीवरून फरपटत जाणाऱ्या दोन दांड्यांच्या बाजेवर, जाड्या सुखाने निजला होता. मामा म्हणाले, “बघ बाय, एक चालतोय आणि एक निजलाय. दोघांचे सगळे नाते इथेच सांगून झाले. आता काय वाटेल ते होऊ दे.” मी सहा वेळा पाहूनही हे दृश्य मला केवळ सुरुवात वाटत होते.

त्यानंतर ओढा येतो. रड्या खेचराला घेऊन सहज पलीकडे जातो, पाणी घोट्याच्या वर येत नाही. जाड्या त्याच्या पाठोपाठ निर्धास्त पाऊल टाकतो आणि एका खड्ड्यात टोपीसकट नाहीसा होतो. आमच्याकडची मुले मोठ्याने हसली, मोठी माणसे थोडी हसली. चित्रपटाच्या मध्यात, शेरीफने गावाबाहेर हुसकावल्यावर, दोघे पळत पळत त्याच ओढ्यापाशी येतात आणि जाड्या त्याच खड्ड्यात पुन्हा जातो. या वेळी सगळेच हसले. शेवटच्या प्रसंगात दोघे त्या मुलीबरोबर गाणे म्हणत आनंदाने निघालेले असतात, समोर तोच ओढा दिसतो, आणि आमच्या घरातले हसू जाड्याचा पाय पाण्यात पडण्याआधीच सुरू झाले होते. माझी मावशी तर त्याला बजावत होती, “अरे, बाजूने जा, बाजूने!” मामांनी नंतर हे उलगडून सांगितले, आणि त्यांच्या सांगण्यात नटाचा अनुभव होता: पहिल्यांदा नट पडतो म्हणून लोक हसतात, दुसऱ्यांदा तो पुन्हा पडला म्हणून हसतात, आणि तिसऱ्यांदा खड्डा लोकांना पाठ झालेला असतो म्हणून हसतात. तिसऱ्या वेळेला नटाने काही करायचे नसते, फक्त घाई करायची नसते.

घाई न करणे हाच या जोडीचा स्वभाव आहे आणि माझ्या मतातल्या बदलाचे मूळही तिथेच आहे. स्टॅन लॉरेल हा केवळ नट नव्हता. दृश्यांची रचना, विनोदांची जुळणी आणि संकलन या सगळ्यांत त्याचा हात असे. हार्डी चित्रीकरण आटोपले की गोल्फ खेळायला जाई आणि लॉरेल संकलनाच्या खोलीत बसे. या चित्रपटाचे दिग्दर्शन जेम्स डब्ल्यू. हॉर्न यांचे असले, तरी श्रेयनामावलीत ही ‘स्टॅन लॉरेल निर्मिती’ आहे. निर्माते हॅल रोच यांच्या स्टुडिओत चित्रपट तयार झाला की तो आधी एखाद्या चित्रपटगृहात सामान्य प्रेक्षकांना दाखवला जाई. लोक कुठे हसतात आणि किती वेळ हसतात हे पाहून मग दृश्ये कमीजास्त केली जात, म्हणजे हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य येऊ नये. जाड्या पडल्यावर कॅमेऱ्याकडे, म्हणजे थेट आपल्याकडे, जो लांबलचक हताश कटाक्ष टाकतो, त्या कटाक्षाची लांबी चित्रपटगृहातल्या हशाने ठरवलेली आहे.

मी पर्वरीला एकटी पाहत असताना ते कटाक्ष मला रेंगाळलेले वाटत. माझ्या खोलीत हशा नव्हता, त्यामुळे त्या जागा मोकळ्याच राहत, आणि मोकळ्या जागांमुळे चित्रपट संथ वाटे. ‘सन्स ऑफ द डेझर्ट’ एकट्याने पाहिला तरी तितका कमी होत नाही, कारण त्याच्या कथानकाला ओढ आहे, पुढे काय होईल याची उत्सुकता आहे, बायकांचे संवाद धारदार आहेत. ‘वे आउट वेस्ट’ला अशी ओढ नाही. प्रत्येक मुक्कामावर बसलेल्या माणसांच्या हशाने पुढचा रस्ता भरून काढावा, अशी त्याची बांधणी आहे. पेडण्याच्या त्या घरात त्या सगळ्या मोकळ्या जागा भरल्या गेल्या आणि मला पहिल्यांदा तो चित्रपट अखंड दिसला. माझ्या दृष्टीने चाहत्यांच्या क्रमवारीतला खरा फरक इथे आहे. आज आपण बहुतेक जण हे चित्रपट हातातल्या फोनवर, एकेकटे पाहतो आणि तिथेच त्यांना गुण देतो. ते गुण प्रामाणिक असतील, पण ते अर्ध्याच चित्रपटाला दिलेले असतात. चाहत्यांच्या त्या संघटनेत एकत्र बसून चित्रपट पाहण्याला जे महत्त्व आहे, त्याचे कारण मला आता समजते.

नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो तेव्हा मी शक्य तितके चित्रपट पाहते. २००४ पासून तो आपल्याकडे आहे आणि अनोळखी माणसांच्या गर्दीत बसून चित्रपट पाहण्याची सवय मला त्यानेच लावली. गंभीर चित्रपटाला गर्दी लागते हे मला तिथे पटले होते. विनोदी चित्रपटाला ती त्याहून अधिक लागते, हे पटायला चवथीचे घर लागले.

आता त्या नृत्याविषयी. गावात शिरल्यावर गुत्त्याच्या पायऱ्यांवर बसून चार-सहा गडी गात असतात. त्या गायकांचे नाव ॲव्हलॉन बॉइज. जाड्या आणि रड्या उभे राहून ऐकतात. प्रथम काहीच होत नाही. मग पायाचा चवडा ताल धरतो, मग गुडघा, मग खांदे, आणि पाहता पाहता दोघे रस्त्यात नाचू लागतात. त्या नाचात एकही कोलांटी नाही, एकही पडणे नाही, कुणाच्या डोक्यात काही हाणणे नाही. जाड्याची बोटे किती नाजूकपणे हलतात ते पाहावे: एवढा अवजड देह, पण तो जमिनीवर ओझे टाकीत नाही. रड्या त्याच्याकडे तोंड करून पावले टाकतो, कोटाची टोके उचलतो, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एखादे जबाबदारीचे काम चोख पार पाडण्याचे गांभीर्य आहे. मागचा रस्ता आणि त्यावरची माणसे हा पार्श्वपडद्यावर टाकलेला वेगळा चित्रभाग आहे, त्यामुळे तिथली माणसे आपल्या कामाला जातात आणि या दोघांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. ही तांत्रिक सोय असेल, पण तिचा परिणाम फार सुंदर झाला आहे, कारण त्यामुळे हा नाच कुणाला दाखवण्यासाठी नाही असे वाटते. दोन वाटसरूंना गाणे आवडले, म्हणून ते नाचले. कथानकाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. हा नाच चालू असताना आमच्या घरात कुणी मोठ्याने हसले नाही, सगळे नुसते प्रसन्न होऊन पाहत राहिले. विनोदी चित्रपटात अशी दोन मिनिटे मिळणे फार दुर्मीळ आहे. २०१८ साली या जोडीच्या उतारवयातल्या नाट्यगृहांच्या दौऱ्यावर ‘स्टॅन अँड ऑली’ नावाचा चित्रपट निघाला, तेव्हा त्याच्या कर्त्यांना आरंभासाठी याच चित्रपटाच्या चित्रीकरणाचा काळ निवडावासा वाटला आणि हा नाच त्यांनी पुन्हा उभा केला, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

गुत्त्याच्या आत दोघे मिळून एक गाणेही म्हणतात. गोड आवाजात चाललेल्या त्या गाण्यात रड्याचा आवाज एकाएकी खर्जात जातो, जाड्या त्याच्या डोक्यात मोगरी हाणतो आणि आवाज बाईचा होतो. खर्जाचा आवाज चिल विल्स या गायकाचा आहे आणि बाईचा आवाज चित्रपटाच्या नायिकेचा, रोझिना लॉरेन्सचा. या गाण्याची तबकडी १९७५ साली ब्रिटनमध्ये निघाली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेली. तेव्हा चित्रपटाला ३८ वर्षे झाली होती, हार्डी १९५७ साली आणि लॉरेल १९६५ साली निवर्तले होते. तज्ज्ञांच्या याद्यांत न बसणारा हा चित्रपट लोकांनी असा आपल्या बाजूने वर ढकलला. संगीताच्या ऑस्करसाठीही त्याला नामांकन होते, हे जाता जाता सांगते.

चित्रपटात उणे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. हक्कपत्र काढून घेण्यासाठी ती बाई रड्याला गुदगुल्या करते, तो प्रसंग मला आजही गरजेपेक्षा लांब वाटतो. रात्री गुत्त्यात शिरताना जाड्याला कप्पीवरून वर ओढण्याचा आणि त्यात खेचरच वर जाण्याचा जो मोठा भाग आहे, तो कल्पक आहे, पण त्याआधीच्या टोपी खाण्याच्या प्रसंगापुढे मला तो डावा वाटतो. हक्कपत्र मिळाले नाही तर जाड्याची टोपी खाईन, असे रड्या बोलून जातो आणि जाड्या त्याला ते खरे करायला लावतो. रड्या रडत रडत पहिला तुकडा तोडतो, चावतो, थबकतो, आणि त्याला तो चक्क आवडतो. मग तो गळ्याशी रुमाल खोचून, मीठ टाकून चवीने जेवू लागतो. इकडे जाड्या कुणाचे लक्ष नाही असे पाहून हळूच एक घास घेतो आणि थुंकून टाकतो. आमच्या घरात सर्वांत मोठा हशा इथे पिकला. शिक्षा देणाऱ्यालाच हेवा वाटावा, ही कल्पनाच इतकी मोठ्या मनाची आहे.

रस्त्यावर निघणे आणि रस्त्याने दगा देणे हे या जोडीचे जुने दुखणे आहे. १९२९ सालच्या ‘परफेक्ट डे’ या छोट्या चित्रपटात सहलीला निघालेले कुटुंब मोटारीत बसते, शेजाऱ्यांना निरोप देते, काहीतरी बिघडते, सगळे उतरतात, पुन्हा बसतात, पुन्हा निरोप देतात, आणि शेवटी ती मोटार घराजवळच्याच चिखलाच्या खड्ड्यात सगळ्यांना घेऊन बुडते. १९३२ अखेरच्या ‘टोड इन अ होल’मध्ये दोघे मोटारीतून मासळी विकत फिरतात, जाड्या आरोळी देतो आणि रड्या भोंगा वाजवतो. आमच्या दारावरून रोज पहाटे भोंगा वाजवत जाणाऱ्या पदेराची, म्हणजे पाववाल्याची, आणि त्यामागून येणाऱ्या मासळीवाल्याची सवय असलेल्या गोमंतकीयाला ते दृश्य घरचेच वाटावे. तिथेही स्वतःची होडी घेऊन स्वतःच मासे धरण्याचा बेत शेवटी होडीच्या आणि मोटारीच्या विध्वंसात संपतो. या सगळ्या प्रवासांत दोघे कुठेच पोहोचत नाहीत. ‘वे आउट वेस्ट’ हा मला सापडलेला असा प्रवास आहे की ज्यात ते पोहोचतात, फसतात, परत जातात आणि दुसऱ्याचे काम पुरे करूनच निघतात. त्या खाणीत त्यांचा स्वतःचा छदामही नाही. ‘सन्स’मध्ये आपण त्यांच्या फजितीला हसतो, कारण त्यांनी खोटे बोलून ती ओढवून घेतली आहे. इथे ते पडतात तेव्हा हसता हसता त्यांना हात द्यावासा वाटतो. मावशी जाड्याला “बाजूने जा” म्हणत होती ते त्यामुळेच.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “मामी, तुझे पटते, पण मग ‘सन्स’सुद्धा असाच सगळ्यांसोबत पाहायला हवा, मग ठरवू.” हे त्याचे म्हणणे रास्त आहे. पुढच्या चवथीला तो दाखवायचा, असे ठरले आहे.

जेवणे झाल्यावर पाऊस थोडा ओसरला होता. ओसरीवर दोन धाकटी मुले अंगठा चुटकीसारखा झटकून त्यातून ज्योत काढण्याची खटपट करीत होती, कारण चित्रपटात रड्याचा अंगठा काडीपेटीसारखा पेटतो. ते जमेना, तेव्हा त्यांनी नाच सुरू केला, आणि मुलांच्या सवयीप्रमाणे एकदम उड्या मारूनच सुरू केला. मामा आतून काठी टेकत आले, सोप्यावर बसले आणि म्हणाले, “अरे, असे नव्हे. आधी गाणे ऐका. मग फक्त चवडा.” मुले थांबली. मामांनी काठीने जमिनीवर ताल धरला, आणि दोघांचे चवडे हलू लागले.